पुण्यात स्पोर्ट्स कार सांभाळताना: बिघाड ओळखायचा कसा आणि घरी काय दुरुस्त करायचं

सेकंडहँड स्पोर्ट्स कार नव्याने घेतलेल्या ओळखीच्या माणसांचे फोन मला वर्षात दोनदा हमखास येतात. एक गणपती संपल्यावर. पेठेतल्या पार्किंगमध्ये गाडी दहा-बारा दिवस हललेली नसते, आणि सेल्फ मारला की नुसतं टक-टक होतं. दुसरा एप्रिल-मेमध्ये, हिंजवडीतून किंवा नगर रोडवरून, टेंपरेचर चढलंय म्हणून. आपल्याकडच्या स्पोर्ट्स कारची निम्मी दुखणी या दोन फोनांत आली. वेगासाठी घडवलेली ही गाडी पुण्यात एकतर उभी असते, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असते, आणि बिघडते ती बहुतेक याच दोन कारणांनी. त्यामुळे क्रमही तोच ठेवलाय: आधी उभ्या गाडीचं, मग ट्रॅफिकचं, मग घाटाचं आणि खड्ड्यांचं.

मी मेकॅनिक नाही. दोन दारांची, टर्बो पेट्रोल इंजिनाची एक जुनी गाडी गेली अकरा वर्षं स्वतः बघतोय, एवढाच माझा अधिकार.

सुरुवातीला काय जवळ हवं

एक मल्टिमीटर, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत साधासुधा मिळतो तो चालेल. ब्लूटूथवर मोबाईलला जोडला जाणारा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच नट कसणारा पाना), टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचे) बिट, टायरचं प्रेशर गेज, चांगला टॉर्च. बुटका ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड. गाडी इतकी खाली असते की साधा जॅक आत शिरतच नाही. तेव्हा आधी पुढची चाकं दोन इंच जाडीच्या लाकडी फळ्यांवर चढवायची आणि मग जॅक सरकवायचा. जॅक लावायची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, तिथेच लावा. दुसरीकडे लावलात तर पत्रा दबतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. स्टँड लावा, गाडी हाताने ढकलून हलत नाही ना बघा, मगच खाली जा.

एक वहीसुद्धा ठेवा. बिघाड कधी झाला, इंजिन थंड होतं की गरम, एसी चालू होता का, कितव्या गिअरला, चढावर की सपाटीवर, हे त्याच दिवशी लिहायचं. आणि दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, त्याला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल आणि फिल्टर एकदम बदलले आणि गाडी नीट झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तिन्हींचे पैसे जातात.

गाडी सुरूच होत नाही

सेल्फचा नुसता टक-टक आवाज येत असेल तर आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली असेल तर रिकामीच समजा. मग कुणालातरी सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. भरलेली बॅटरीही त्या क्षणी ९.६च्या खाली जात असेल तर ती संपलीय. इंजिन चालू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५च्या आसपास दिसायला हवा. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं चार्जिंग कॉम्प्युटर कमी-जास्त करतो, म्हणून हेडलाइट आणि एसी लावून पुन्हा बघायचं.

बॅटरी नवी आहे, चार्जिंगही होतंय, तरी चार दिवसांत उतरते? मग गाडी बंद असताना काहीतरी करंट पितंय. हे शोधायला धीर लागतो, पण घरी नक्की जमतं. बोनेट उघडा आणि त्याचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करा, म्हणजे गाडीला बोनेट लागलंय असं वाटतं. बॅटरी डिकीत असेल तर डिकीच्या लॉकचंही तसंच. चावी गाडीपासून लांब, घरात ठेवा. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि केबल व टर्मिनल यांच्या मधे मीटर जोडा. आता तीस-चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. गाडीतले सगळे कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर ठीक. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

माझ्या गाडीत हा आकडा ३४० मिलिअँपिअर निघाला. म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-अवरच्या वर, आणि ७० अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत जवळपास अर्धी. फ्यूज उपसायला लागलो की झोपलेले कॉम्प्युटर पुन्हा जागे होतात, म्हणून फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. ज्या फ्यूजवर शून्याऐवजी आकडा दिसतो, त्यातून करंट वाहतोय. माझ्याकडे तो सिगारेट लायटरच्या फ्यूजवर दिसला. त्या लाइनवर आधीच्या मालकाने डॅशकॅमची वायर थेट जोडलेली होती. डॅशकॅम कधीच काढून नेला होता, पण छपराच्या अस्तराआड त्याचा व्होल्टेज कन्व्हर्टर तसाच राहिलेला, हाताला कोमट लागत होता. तो काढला आणि आकडा २८वर आला. त्याआधी मी एक बॅटरी बदलून मोकळा झालो होतो.

नवी बॅटरी घेताना जुनी एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या थरात शोषून ठेवणारी) असेल तर एजीएमच घ्या. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याची नोंद स्कॅनरने गाडीत करावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चालू राहतं. आणि गाडी दोन-दोन आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर, म्हणजे बॅटरी सतत भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसतो, कमिटीकडे अर्ज करून स्वतःच्या मीटरवरून ओढून घ्यावा लागतो. मला त्याला आठ महिने लागले, तरी करा. हे जमेपर्यंत आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास खरोखर चालवून आणा. जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून बंद करण्याने सेल्फने खाल्लेलं चार्जिंगही धड भरत नाही.

पावसाळ्यात उभ्या गाडीला आणखी दोन त्रास असतात. एक उंदीर. वायरिंग कुरतडतात, आणि गाडी सुरू होते पण भलतेच दिवे लागतात. बोनेट उघडून आधी नाकाने आणि टॉर्चने तपासा. दुसरा, पुढच्या काचेखाली पाणी वाहून जायची जी भोकं असतात ती बुजतात. तुमची गाडी वर्षावृक्षाखाली उभी असेल तर त्याची बारीक पानं तिथे चिखलासारखी बसतात, पाणी तुंबतं आणि थेट फ्यूज बॉक्सकडे किंवा पायाखालच्या कार्पेटमध्ये उतरतं. मे महिन्याच्या शेवटी ही भोकं मऊ प्लॅस्टिकच्या नळीने मोकळी करा. वरून तांब्याभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघा.

मिसिंग, पिकअप नाही, इंजिनचा दिवा

इंजिनचा पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर घरी जाऊन कोड बघता येतो. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसिंग: सिलेंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे चाललंय. ते सायलेन्सरच्या लाइनीतल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो वितळू शकतो. त्याची किंमत स्पोर्ट्स कारच्या हिशोबातही डोळे पांढरे करणारी असते.

स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा. पी०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलेंडरमध्ये, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरमध्ये, पी०३०३ म्हणजे तिसऱ्या, असा हिशोब. कोड दोष सांगत नाही, दोष कुठे शोधायचा ते सांगतो. नवे लोक इथेच फसतात. कोड बघून थेट पार्ट मागवतात.

मला एकदा चांदणी चौकाच्या चढावर पी०३०३ आला. त्याआधी एका गॅरेजने त्याच तक्रारीवर पेट्रोल पंप बदलायला सांगितला होता. मी घरी येऊन इंजिन थंड होऊ दिलं. तिसऱ्या सिलेंडरची कॉइल काढून पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसला आणि भूगावपर्यंत जाऊन आलो. कोड पुन्हा आला, पण आता पी०३०१. कॉइल गेली तिथे मिसिंग गेलं, म्हणजे दोष कॉइलमध्येच. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. कोड तिसऱ्यावरच राहिला असता तर पुढच्या फेरीत प्लग अदलाबदल केले असते, आणि तरीही तिसऱ्यावरच राहिला असता तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघायला गॅरेज गाठलं असतं.

कॉइलचा कनेक्टर सोडवताना सावकाश. उष्णतेने त्याचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. आणि प्लग गरम इंजिनात कधीच काढू-बसवू नका. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर प्लगच्या कामाचं हेडचं काम होतं. प्लग आधी हाताने, नुसत्या लांब सॉकेटने फिरवत बसवा. अडकल्यासारखा वाटला तर जोर न लावता उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करा. शेवटचं कसणं टॉर्क रेंचने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

टर्बो गाडीचा पिकअप अचानक मेला आणि पी०२९९ आला तर टर्बो गेला असं लगेच मानू नका. हवेचा दाब कुठेतरी गळतोय एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी पाइप आणि त्यांचे क्लिप हाताने हलवून बघा. सुटलेल्या जोडाभोवती बऱ्याचदा तेलाचा ओशट डाग असतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स असा आवाज येतो. सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करणारं गॅरेज शोधा. पाइपांत धूर भरला की गळती स्वतःच दिसते.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआतलं लेबल वाचा. तिथे ९५ किंवा ९८ ऑक्टेन लिहिलं असेल तर किमान तेवढं भरा. पुण्यात ठरावीक पंपांवर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. गाडी जुनी असेल तर आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं हे लक्षात ठेवून इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला तपासून घ्या. बोनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर सेल्फ न मारता गाडी टो करून न्यायची.

गाडी गरम होते

आधी प्रश्न एकच: कधी गरम होते? ट्रॅफिकमध्ये चढते आणि गाडी पळायला लागली की उतरते, तर पंखा किंवा त्याची हवा. खंबाटकीच्या चढावर किंवा एक्स्प्रेसवेवर वेगात चढते, तर रेडिएटर बुजलाय, कूलंट कमी आहे किंवा वॉटर पंप दमलाय. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच सपाट्याने चढते, तर थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो आणि खरं तापमान बरंच वर गेल्यावरच हलतो. स्कॅनरवर कूलंटचं खरं तापमान दिसतं. आपली गाडी निरोगी असताना ट्रॅफिकमध्ये किती दाखवते ते आधीच वहीत लिहून ठेवा. माझी ९२ ते १०३मध्ये खेळते.

रस्त्यात तापली तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, आणि सुरक्षित जागा दिसताच इंजिन बंद. मेमध्ये हीटर लावणं जीवावर येतं, पण तो इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो. कूलंटचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली १००च्या वर असूनही उकळत नसतं. झाकण सैल झालं की ते क्षणात उसळून हाता-तोंडावर येतं. किमान तासभर थांबा, वरची नळी हाताला कोमट लागेपर्यंत.

घरी आल्यावर एसी लावून पंखा फिरतोय का बघा. फिरत नसेल तर फ्यूज, मग रिले, मग मोटर, या क्रमाने जा. पंखा ठीक असेल तर टॉर्चने पुढच्या जाळीतून रेडिएटर बघा. मागे इंजिन असलेल्या गाड्यांत रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात आणि तिथे पानं, पिशव्यांचे तुकडे साचून अक्षरशः गादी होते. बंपर उतरवून ती हाताने काढायची. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर पातळ फिन्स आडव्या होतात.

कूलंट गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचंच. रंग बघून घेऊ नका, रंगाचं काही ठरलेलं प्रमाण नाही. ते डिमिनरलाइज्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळायचं. बोअरचं पाणी तर अजिबात नको, त्यातले क्षार आतून थर धरतात. कूलंट कमी होतंय पण जमिनीवर डाग नाही, आणि आत कार्पेट ओलसर, गोडसर वासाचं असेल तर हीटरचा आतला रेडिएटर गळतोय. डाग कुठेच नाही, सायलेन्सरमधून गरम इंजिनातही पांढरा धूर येतोय, तर हेड गॅस्केट. त्या अवस्थेत गाडी पुढे चालवू नका. नुसतं ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत पावसाळ्यात वाफेनेही तसं दिसतं.

क्लचचं थोडक्यात. मॅन्युअल गाडीत चौथ्या गिअरला साधारण ५०च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडाले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. ड्युअल क्लच गाडी ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने पुढे सरकवू नका, तो कायमचा हाफ क्लच असतो. पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा.

ब्रेक

सिंहगडावरून किंवा ताम्हिणीतून उतरताना पेडल स्पंजासारखं झालं, तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तोच दर्जा १५५ अंशांवर येतो. म्हणून गाडी किती का कमी चाललेली असेना, दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते डॉट ४मध्ये मिसळू नका. ५.१ चालतं. घाट उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा 'डिस्क वाकली' असं सर्रास सांगितलं जातं. बऱ्याचदा पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटलेला असतो. तापलेल्या ब्रेकने सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं की तेवढ्याच जागी पॅडची छाप उठते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ८०वरून २०पर्यंत सात-आठ वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, आणि नंतर दहा मिनिटं ब्रेक न वापरता गाडी गार करा. यानेही गेलं नाही तर डिस्कची जाडी मोजा. किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा शाबूत दिसला तर कॅलिपरच्या पिना जाम झाल्यात. त्या काढून साफ करायच्या आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावायचं.

खड्डे, स्पीडब्रेकर आणि खडखड

स्पीडब्रेकर सावकाश ओलांडताना एका बाजूने हलका टक्-टक् आवाज येत असेल तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक असते. सस्पेन्शनमधला हा सगळ्यात स्वस्त पार्ट आहे. दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवून, सोसायटीच्या आवारातच दहाच्या वेगाने एक चक्कर मारा. आवाज बंद झाला तर सापडलं. राहिला तर लोअर आर्मचा बुश आणि शॉकअपचं वरचं माउंट बघा. स्टँडवरच्या चाकाला वर-खाली धरून हलवलं आणि खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट.

ब्रेक न लावताही ८० ते १००मध्ये स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग किंवा वाकलेली रिम. बॅलन्सिंगवाल्याला रिम फिरवून दाखवायला सांगा, आतली कड लवलेली डोळ्याला दिसते. खड्ड्यात जोरात आदळल्यावर टायरची आतली बाजूही हाताने चाचपा. फुगा आला असेल तर टायर बदलायचाच, त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. टायरचं वय त्यावरच्या चार आकड्यांत असतं: ३११९ म्हणजे २०१९चा ३१वा आठवडा. स्पोर्ट्स कारचे टायर नक्षी शाबूत असताना वयाने कडक होतात, आणि पहिल्या पावसात ते कळतं.

घरी करू नका, आणि पार्ट कुठे घ्यायचे

एअरबॅग, सस्पेन्शनची स्प्रिंग, डायरेक्ट इंजेक्शनचा हाय प्रेशर पाइप (त्यात १५०-२०० बारचा दाब असतो) आणि हायब्रिडची नारिंगी केबल, या चार गोष्टींना हात लावू नका. बंद बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका.

बुश, लिंक, बेअरिंग, फिल्टर, क्लिप यांसाठी नाना पेठेत जा. चेसिस नंबर, पार्टवर कोरलेला नंबर आणि जुना पार्ट, तिन्ही सोबत हवेत. नुसतं गाडीचं मॉडेल सांगितलं तर 'हाच लागतो' म्हणून जवळपासचा हातात पडतो. दुकानातच दोन्ही पार्ट शेजारी ठेवून लांबी आणि भोकं जुळवा. बेअरिंगचा व्यास मोजायला व्हर्निअर कॅलिपर खिशात ठेवा. आणि जाताना रिक्षाने जा, तिथे तुमची गाडी लावायला जागा मिळणार नाही.